लांब इंग्रजी शब्दांचे उच्चार आणि मराठीच्या तासातले लघुगुरू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातली मराठी माध्यमाची मुले मुलाखतीत इंग्रजी बोलताना का अडखळतात, या विषयावर गेल्या महिन्यात आपल्या अंकात दोन पत्रे प्रसिद्ध झाली. दोन्ही पत्रलेखकांनी मुलांच्या ‘गावठी उच्चारां’ना दोष दिला आणि बालवाडीपासून इंग्रजी माध्यम हाच उपाय सुचवला. परभणी जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी ३१ वर्षे मराठी आणि इंग्रजी हे दोन्ही विषय शिकवले. त्या अनुभवावरून मला हे निदान मान्य नाही. आमच्या मुलांची जीभ इंग्रजीसाठी जड नाही. लांब इंग्रजी शब्दांत जोर कुठे द्यायचा, हे त्यांना आपण कधी सांगितलेलेच नसते. आणि तो नियम समजण्यासाठी जे साधन लागते, ते मराठीच्या तासाला आपण आधीच त्यांच्या हाती दिलेले असते, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. मला जे सांगायचे आहे ते एवढेच, पण ते उदाहरणांशिवाय पटणार नाही, म्हणून थोडी जागा मागते.

अडचण सगळ्या इंग्रजीत नाही. पाणी, घर, हात, आई, भाऊ यांचे इंग्रजी शब्द एका-दोन झटक्यांत संपतात आणि ते पाचवीतले पोरही नीट उच्चारते. लांब शब्द येतात ते कचेरी, न्यायालय, विद्यापीठ आणि दवाखाना यांतून, आणि त्यांतले बहुसंख्य लॅटिन मुळाचे आहेत. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबारात फ्रेंच बसली. तिच्यामार्फत लॅटिन घराण्यातले शब्द इंग्रजीत शिरले आणि पुढच्या काळात विद्वानांनी आणखी कितीतरी शब्द थेट लॅटिनमधून उचलले. मराठवाड्यातल्या वाचकाला यात नवल वाटू नये. निजामी राजवटीत कारभार आधी फारसीत आणि मग उर्दूत चालला, म्हणून आपल्या घरात बोली मराठी असली तरी तहसील, दस्तऐवज, जमाबंदी हे शब्द आपल्याही कागदांवर राहिलेच. मुलाखतीत, अर्जात आणि प्रवेशपरीक्षांच्या पुस्तकांत मुलांची गाठ पडते ती इंग्रजीतल्या अशाच कचेरीच्या शब्दांशी.

आता शब्द तोडण्याविषयी. ‘सिलॅबल’ला, म्हणजे एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या शब्दाच्या तुकड्याला, मराठीत ‘अक्षर’ म्हणता येते, पण लिहिण्यातले अक्षर आणि बोलण्यातले अक्षर यांचा घोळ होऊ नये म्हणून मी इथे सिलॅबल हाच शब्द वापरते. हा घोळच खरे तर अर्ध्या दुखण्याचे मूळ आहे. ‘पुस्तक’ हा शब्द आपण लिहितो पु-स्त-क असा तीन अक्षरांत, पण बोलतो पुस्-तक् असा दोन सिलॅबलांत. मराठी आपली असल्यामुळे या फरकाने आपले काही बिघडत नाही. इंग्रजी शब्द मात्र मुलाला गाइडमधून मिळतो, शब्दाखाली देवनागरीत छापलेल्या उच्चारासह, आणि तो उच्चार ते अक्षर-अक्षर लावून वाचते. ‘डिपार्टमेंट’ची डि-पा-र्ट-में-ट अशी पाच अक्षरे होतात, इंग्रजीत सिलॅबल तीनच, डि-पार्ट्-मंट, आणि जोर मधल्यावर. पाचही अक्षरांना सारखा श्वास देणाऱ्या मुलाचा शब्द ऐकणाऱ्याला ओळखू येत नाही, आणि मग दोष त्याच्या गावाला दिला जातो.

शब्दकोशात शब्दाच्या मध्ये टिंबे देऊन केलेली तोडसुद्धा मुलांना फसवते, कारण ती पुष्कळदा ओळीच्या शेवटी शब्द कुठे मोडावा हे छपाईसाठी सांगत असते. जोराची खूण निराळी असते. उच्चार दाखवताना जोराच्या सिलॅबलच्या आधी वरच्या बाजूला एक बारीक उभी रेघ काढलेली असते आणि दुय्यम जोर असेल तर तशीच रेघ खाली. ही रेघ बी.एड.च्या अभ्यासात एखाद्या पानावर भेटते आणि तिथेच राहते. वर्गातल्या फळ्यावर ती उमटलेली मी माझ्या सबंध नोकरीत फारच थोड्या वेळा पाहिली.

मला स्वतःला हा विषय उलगडला तो एका विद्यार्थिनीमुळे. नववीच्या वर्गात ती ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ हा शब्द वाचत होती. सहा सिलॅबलांचा हा शब्द, रि-स्पॉन्-सि-बि-लि-टी. प्रत्येकाला सारखे वजन देत ती मध्येच थांबली, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबली. मी फळ्यावर शब्द तोडून लिहिला, ‘बि’खाली रेघ मारली आणि टाळी वाजवून दाखवली: मोठी टाळी ‘बि’वर, लहान टाळी ‘स्पॉन्’वर, बाकीची सिलॅबल्स हलकी. तिने शब्द एका दमात म्हटला आणि मग जे बोलली ते मी विसरलेले नाही: ‘बाई, हे तर सकाळच्या तासाचंच आहे की.’ सकाळच्या तासाला मी त्याच वर्गाला वृत्ते शिकवली होती, आणि लघुगुरू पाडताना आम्ही अशाच टाळ्या वाजवल्या होत्या.

तिने जे साम्य पाहिले ते वरवरचे नव्हते, हे मला नंतर वाचताना कळले. लॅटिन भाषेत शब्दावरचा जोर लघुगुरूवरच ठरत असे. दोन सिलॅबलांचा शब्द असेल तर जोर पहिल्यावर. त्याहून लांब शब्द असेल तर शेवटून दुसरे सिलॅबल तपासायचे: ते गुरू असेल तर जोर त्याच्यावर, लघू असेल तर जोर एक पाऊल मागे, म्हणजे शेवटून तिसऱ्यावर. आणि गुरू कशाला म्हणायचे? ज्यात स्वर दीर्घ आहे ते, किंवा ज्याचा स्वर ऱ्हस्व असूनही पुढे दोन व्यंजने आली आहेत ते. जोडाक्षरामागचे ऱ्हस्व अक्षर गुरू धरावे, हा आपला नियम आहे तसाच. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली आजच्या जालना जिल्ह्यातल्या जांब गावी झाला. त्यांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत, म्हणजे लघू-गुरू-गुरू हा ‘य’ गण चार वेळा, आणि त्यांतल्या ‘सर्व’ शब्दातला ‘स’ गुरू मोजायचा हे आमच्या मुलांना पाठ असते. रोमन कवींची वृत्तेही याच मोजणीवर उभी होती. जे मूल ‘सर्व’मधला ‘स’ गुरू का, हे सांगू शकते, त्याला या नियमात नवे शिकण्यासारखे फारच थोडे उरते.

लातूर आणि नांदेडच्या वर्गांतून वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणारी आमची हजारो मुले शरीरशास्त्रातली लॅटिन नावे रात्रंदिवस पाठ करतात. त्यांनी हा नियम हाडांवर लावून पाहावा. खांद्याचे हाड ‘स्कॅप्युला’: शेवटून दुसरे ‘प्यु’ लघू, म्हणून जोर ‘स्कॅ’वर. पायाचे ‘फिब्युला’: तसेच, जोर ‘फि’वर. डोळ्यातला ‘रेटिना’: ‘टि’ लघू, जोर ‘रे’वर, आपल्याकडे सर्रास ‘रेटीना’ म्हणून मधल्या सिलॅबलवर ताण दिला जातो. आता गुडघ्याची वाटी ‘पटेला’ घ्या. स्पेलिंगमध्ये दोन ‘एल’ आहेत, म्हणजे आपल्या हिशेबाने जोडाक्षर, म्हणून ‘टेल्’ गुरू आणि जोर त्याच्यावर. वरच्या जबड्याचे ‘मॅक्सिला’, वार म्हणजे ‘प्लसेंटा’, मेंदूच्या बुडाशी असलेल्या ‘मेडुला ऑब्लाँगाटा’तला ‘मेडुला’ आणि लहान मेंदू ‘सेरिबेलम’ यांचे तेच: प्रत्येकात शेवटून दुसऱ्या सिलॅबलपुढे दोन व्यंजने आहेत, म्हणून जोर तिथेच. ‘ऑब्लाँगाटा’मध्ये पुढे व्यंजन एकच आहे, पण ‘गा’ स्वतः दीर्घ आहे, म्हणून जोर ‘गा’वर. ही नावे सुटी पाठ करण्यापेक्षा दोन गटांत लावली तर मुलाला अर्ध्या तासात ऐटीत म्हणता येतात, हे मी निवृत्तीनंतर घरी येणाऱ्या मुलांकडून करवून घेतलेले आहे.

याच ठिकाणी एक बारकावा आहे आणि तो मला सगळ्यांत जास्त आवडतो. मणक्याला ‘व्हर्टिब्रा’ म्हणतात. शेवटून दुसऱ्या ‘टि’च्या पुढे ‘ब्र’ हे जोडाक्षर आहे, तेव्हा ‘टि’ गुरू व्हायला हवा आणि जोर त्याच्यावर यायला हवा. प्रत्यक्षात जोर ‘व्हर्’वर आहे. कारण असे की व्यंजनाला ‘र’ किंवा ‘ल’ जोडून आलेला असेल तर लॅटिनमध्ये ती जोडी बहुधा पुढच्या सिलॅबलमध्येच सामावून जाई आणि मागच्याला धक्का देत नसे. मराठी व्याकरणाच्या तासाला आपण काय सांगतो? जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येत नसेल तर ते अक्षर लघूच राहते. ‘तुझ्या’मधला ‘तु’, ‘दुसऱ्या’मधला ‘स’. जोडाक्षरे निराळी आहेत, पण तत्त्व तेच: लिहिलेले जोडाक्षर पाहू नका, मागच्या अक्षरावर धक्का बसतो का ते ऐका. मोठ्या मेंदूच्या ‘सेरिब्रम’ या नावाचे दोन उच्चार चालतात, एकात जोर ‘से’वर आणि दुसऱ्यात ‘रि’ दीर्घ करून त्याच्यावर. या ‘ब्र’ला दोन्ही बाजूंनी मोजता येत असल्यामुळेच असा दुमत उच्चार तग धरून राहिला असावा, असे मला वाटते.

कार्यालयीन शब्दांसाठी याहूनही सोपा मार्ग आहे: शब्दाचे शेपूट पाहायचे. ‘-शन’, ‘-इक’, ‘-इटी’, ‘-इअल’, ‘-इअस’, ‘-इअन’ यांपैकी एखादे शेपूट असेल तर जोर त्याच्या लगेच मागच्या सिलॅबलवर येतो. ‘एज्युकेशन’मध्ये ‘के’वर, ‘इलेक्ट्रिक’मध्ये ‘लेक्’वर, त्यालाच ‘इटी’ लागून ‘इलेक्ट्रिसिटी’ झाली की जोर सरकून ‘ट्रि’वर. ‘युनिव्हर्स’मध्ये जोर पहिल्या सिलॅबलवर आहे, ‘युनिव्हर्सिटी’त ‘व्हर्’वर. ‘-शन’ हे एकच सिलॅबल असताना ते या यादीत कसे, असा प्रश्न एका मुलाने मला विचारला होता आणि तो योग्यच होता. शेक्सपिअरच्या काळातल्या पद्यात हे शेपूट पुष्कळदा दोन सिलॅबलांचे मोजले जाई, त्यातले पहिले लघू. म्हणून जोर मागे गेला आणि शेपूट आखडल्यानंतरही तो तिथेच थांबला. ‘-एट’ने संपणारी तीन किंवा अधिक सिलॅबलांची क्रियापदे शेवटून तिसऱ्यावर जोर घेतात: ‘कम्युनिकेट’मध्ये ‘म्यु’, ‘इन्व्हेस्टिगेट’मध्ये ‘व्हेस्’. त्यांचे ‘कम्युनिकेशन’, ‘इन्व्हेस्टिगेशन’ झाले की जोर पुढे ‘के’वर, ‘गे’वर येतो. ‘-मेंट’, ‘-नेस’, ‘-फुल’, ‘-ली’ ही शेपटे जोर हलवत नाहीत. त्यांच्याविषयी अधिक सांगण्यासारखे काही नाही.

जोर हलला की स्वरही बदलतात, आणि इथे देवनागरीचा मोठा उपयोग आहे. इंग्रजीत जोर नसलेला स्वर बहुधा मावळून आपल्या ‘अ’सारखा होतो. रोमन लिपीत त्या मावळलेल्या स्वरासाठी स्वतंत्र अक्षर नाही. आपल्याकडे ‘अ’ आहे. ‘ऑरिजिन’ या शब्दाला शेपूट लागले की तो ‘अरिजिनल’ होतो, कारण जोर ‘ऑ’वरून ‘रि’वर गेला, पुढे ‘अरिजिनॅलिटी’. गाइडात मात्र तिन्ही ठिकाणी स्पेलिंग पाहून ‘ओ’ छापलेला असतो. नाम म्हणून ‘सर्टिफिकेट’चा शेवटही इंग्रजीत ‘-कट’ असा मिटलेला ऐकू येतो. माझे म्हणणे असे मुळीच नाही की मराठी बोलताना आपण ‘सर्टिफिकट’ म्हणावे. मराठीत आलेला शब्द मराठीचा झाला; त्याला मराठीच चाल असावी.

उलट मराठीत आलेल्या अशाच एका शब्दाने मला या विषयात सर्वांत मोठा धडा दिला. आमच्याकडची जुनी माणसे नगरपालिकेला ‘मुन्शिपाल्टी’ म्हणत आणि शिकलेली माणसे त्यांना हसत. आता मूळ शब्द तोडून पाहा: म्यु-नि-सि-पॅ-लि-टी. मुख्य जोर ‘पॅ’वर, त्याच्या पुढचा ‘लि’ हलका. ‘मुन्शिपाल्टी’त मुख्य जोराचे सिलॅबल शाबूत आहे आणि त्याच्या पुढचा जो स्वर गळाला तो नेमका हलक्या ‘लि’चा आहे. ज्यांना इंग्रजी वाचता येत नव्हते, त्या माणसांनी शब्द कानाने ऐकला आणि त्याचा कणा अचूक पकडला. शाळेत बसून डोळ्यांनी शिकलेल्या मुलाला तोच कणा सापडत नाही. जीभ दोघांचीही याच मातीतली आहे, तेव्हा फरक शिकवण्याचा आहे.

जोर शिकवण्याचा आणखी एक फायदा परीक्षेत दिसतो, तो स्पेलिंगचा. मुले ‘कॉम्पिटिशन’ लिहिताना तिसऱ्या व्यंजनानंतर ‘आय’ लिहितात, कारण ऐकू येते ‘पि’. त्याच घराण्यातला ‘कम्पीट’ हा शब्द समोर ठेवला की जोर त्या सिलॅबलवर येतो, स्वर स्पष्ट होतो आणि तिथे ‘ई’ हे अक्षर आहे हे कळते. ‘सिमिलर’, ‘पॉप्युलर’, ‘रेग्युलर’ यांच्या शेवटी ‘ई-आर’ की ‘ए-आर’, हा प्रश्न ‘सिमिलॅरिटी’, ‘पॉप्युलॅरिटी’, ‘रेग्युलॅरिटी’ म्हणताच सुटतो. ‘डेफिनेट’ या शब्दात शेवटी ‘ए’ लिहिणारी मुले दरवर्षी भेटत. ‘डेफिनिशन’ म्हणून दाखवले की ‘आय’ ऐकू येतो आणि पुन्हा चूक होत नाही. एकाच घराण्याचे शब्द शेजारी ठेवावेत, एकातला मावळलेला स्वर दुसऱ्यात उजळतो.

एकच शब्द नाम असताना पहिल्या सिलॅबलवर आणि क्रियापद असताना दुसऱ्यावर जोर घेतो, अशाही लॅटिन मुळाच्या जोड्या आहेत: ‘ऑब्जेक्ट’ म्हणजे वस्तू आणि ‘अब्जेक्ट’ म्हणजे हरकत घेणे; ‘रेकॉर्ड’ म्हणजे नोंद आणि ‘रिकॉर्ड’ म्हणजे नोंद करणे. जोर बदलल्याने अर्थ बदलतो, ही गोष्ट आजच्या मराठीला अनोळखी असली तरी आपल्या परंपरेला नाही. ‘इन्द्रशत्रु’ या शब्दात स्वर शेवटी देण्याऐवजी सुरुवातीला दिला, म्हणून ‘इंद्राला मारणारा’ याऐवजी ‘ज्याला मारणारा इंद्र आहे असा’ अर्थ झाला आणि वृत्र मारला गेला, ही कथा व्याकरणाचे जुने आचार्य उदाहरण म्हणून सांगत आले आहेत. वर्गात ही कथा सांगितली की मुलांना ‘ऑब्जेक्ट’ची जोडी समजावून द्यावी लागत नाही.

अपवाद आहेत आणि ते लपवू नयेत. ‘पॉलिटिक्स’, ‘अरॅबिक’ असे चुकीचे म्हटले जाणारे ‘ॲरबिक’, आणि गणिताच्या अर्थाचे ‘अरिथ्मटिक’ हे शब्द ‘-इक’चा नियम पाळत नाहीत. ‘टेलिव्हिजन’मध्ये मुख्य जोर पहिल्यावर आहे, तो शब्दच अर्धा ग्रीक आणि अर्धा लॅटिन. ‘इंडस्ट्री’ आणि ‘ॲग्रिकल्चर’ लघुगुरूला जुमानत नाहीत, दोन्हींत जोर पहिल्या सिलॅबलवर राहतो. पण त्यांना शेपूट लागले की तेही रांगेत येतात, ‘इंडस्ट्रियल’मध्ये ‘डस्’वर आणि ‘ॲग्रिकल्चरल’मध्ये ‘कल्’वर. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत आणि परभणीत १९७२ पासून असलेल्या कृषी विद्यापीठाच्या परिसरात हे शब्द रोज उच्चारले जातात, तिथल्या तरुणांनी आजच करून पाहावे. ‘लॅबोरेटरी’वर इंग्लंडमध्ये दुसऱ्या आणि अमेरिकेत पहिल्या सिलॅबलवर जोर देतात, दोन्ही बरोबर मानावेत, मुलाचे गुण कापू नयेत. शिवाय मूळ स्वर दीर्घ की ऱ्हस्व हे रोमन लिपी दाखवत नाही, त्यामुळे काही शब्द ऐकूनच शिकावे लागतील.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी विषय आहे. तेव्हा पहिलीत बसलेली मुले आज स्वतः पालक आहेत, आणि तरीही लांब शब्द तसाच सपाट वाचला जातो. म्हणून केवळ वर्षे वाढवून किंवा माध्यम बदलून हे सुटेल, असे मला वाटत नाही. आमच्या मुलांचा ‘ट’, ‘ड’, ‘र’ मराठी राहिला तरी समोरच्याला त्यांचे बोलणे कळते; जोर चुकला की मात्र शब्दच हरवतो. इयत्ता नववीत वृत्ते शिकवून झाली की त्याच आठवड्यात इंग्रजीच्या शिक्षकांनी दोन तास या नियमाला द्यावेत आणि पाठ्यपुस्तकाच्या शब्दसूचीत जोराच्या सिलॅबलखाली एक रेघ छापावी, एवढी माझी शिक्षण विभागाला विनंती आहे. याला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही, नवा शिक्षकही लागत नाही.

आपल्यालाही एक विनंती. आपल्या विद्यार्थी पुरवणीत दर आठवड्याला एका शब्दघराण्याला चार ओळींची जागा द्यावी: शब्द तोडून, जोराच्या सिलॅबलखाली रेघ मारून. वर्षभर पुरतील इतकी घराणी मी वहीत लिहून ठेवली आहेत आणि ती विनामूल्य देण्यास तयार आहे. पहिल्या आठवड्यासाठी ‘एडिटर’ आणि ‘एडिटोरियल’ ही जोडी सुचवते. पहिल्यात जोर ‘ए’वर आणि ‘-टर’चा स्वर मावळलेला, दुसऱ्यात जोर ‘टो’वर आणि ‘ओ’ लख्ख.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
सेलू, जि. परभणी